‘किती हेवी आहे’ यापलीकडे: नॉक्ड लूजच्या अल्बमविषयी

नॉक्ड लूज या अमेरिकी बँडचा ‘यू वोन्ट गो बिफोर यू आर सपोझ्ड टू’ हा अल्बम १० मे २०२४ रोजी आला, तेव्हा समीक्षकांत त्याच्याविषयी जे एकमत दिसले ते मेटलकोरच्या, म्हणजे मेटल आणि हार्डकोर पंक यांच्या मिश्रणातून आलेल्या आक्रमक संगीताच्या, वाट्याला क्वचितच येते. केंटकी राज्यातील ओल्डम काउंटीचा, २०१३ पासून वाजवणारा हा बँड स्वतःचा आवाज जराही मवाळ न करता मोठ्या श्रोतृवर्गापर्यंत पोहोचला, असा बहुतेक परीक्षणांचा सूर होता. ही स्तुती मला मान्य आहे, परंतु तिच्यामागची कारणे अपुरी वाटतात. स्तुती करणारे ‘किती हेवी (वजनदार, दणदणीत) आहे’ असे म्हणतात आणि नाके मुरडणारे ‘नुसता आरडाओरडा आहे’ असे म्हणतात. दोघांच्या हातात माप एकच आहे आणि त्या मापाने या अल्बममधील सर्वांत चांगली गोष्ट मोजताच येत नाही. ती गोष्ट म्हणजे भीती, आणि त्या भीतीला दिलेली वेळेची बांधणी.

अल्बमच्या नावामागची हकीकत आता बरीच प्रसिद्ध आहे. गायक ब्रायन गॅरिस याला विमानप्रवासाची धास्ती वाटते आणि अशाच एका प्रवासात शेजारी बसलेल्या स्त्रीने, वेळ आल्याशिवाय तू जाणार नाहीस, अशा अर्थाचे शब्द बोलून त्याला धीर दिला होता. हे वाक्य धीराचे आहे, आणि तितकेच धडकी भरवणारेही आहे, कारण वेळ येणारच हे त्यात गृहीत आहे. दहा गाणी आणि सुमारे २७ मिनिटे एवढ्याच ऐवजात हा अल्बम त्या दोन अर्थांमध्ये हेलकावे खातो. अल्बम फार लहान आहे, पैसे वसूल होत नाहीत, ही तक्रार अनेक श्रोत्यांनी केली. मला ती पटत नाही. ‘थर्स्ट’ हे पहिले गाणे दीड मिनिटाच्या आत संपते आणि आपण सावरण्यापूर्वीच पुढचे सुरू झालेले असते. हीच गाणी ४५ मिनिटांपर्यंत ताणली असती, तर कानाला त्या आघातांची सवय झाली असती, आणि सवय झालेल्या श्रोत्याला भीती वाटत नाही.

इंदूरमध्ये हे संगीत अनोळखी नाही. निकोटीन हा इथला मेटल बँड २००६ मध्ये सुरू झाला होता आणि त्या काळापासून मेटल ऐकणारे माझे काही स्नेही आजही नवा अल्बम आला की हटकून बोलतात. त्यांच्यातील जुन्या मताच्या मंडळींचा आक्षेप ध्वनिमुद्रणाला आहे. ‘अ डिफरंट शेड ऑफ ब्लू’ हा २०१९ चा अल्बम विल पुटनी याने घडवला होता. या वेळी काम ड्रू फल्क याच्याकडे गेले, ज्याने मोशनलेस इन व्हाइट आणि डिस्टर्ब्ड यांसारख्या रेडिओवर वाजणाऱ्या बँडसाठी काम केलेले आहे. त्यामुळे २०१६ च्या ‘लाफ ट्रॅक्स’मधला ओबडधोबडपणा गेला आणि सगळे घासूनपुसून ठेवले गेले, असे त्यांचे म्हणणे. हेडफोन लावून सलग ऐकताना बास गिटार बऱ्याचदा भिंतीमागे गेल्यासारखी होते आणि आवाजाची पातळी सतत वरच असल्याने कान थकतात, एवढे मी मान्य करतो. मात्र याच स्वच्छतेमुळे गाण्यांमधल्या क्षणभराच्या शांतता ऐकू येतात, आणि या अल्बममध्ये त्या शांततांना गिटारच्या रिफइतकेच, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या स्वरतुकड्याइतकेच, महत्त्व आहे.

गॅरिसच्या आवाजावर सर्वाधिक वाद होतो. तो उंच, चिरका, जवळजवळ लहान मुलाच्या किंकाळीसारखा आहे, आणि मेटल आवडीने ऐकणाऱ्या कित्येकांनाही तो सहन होत नाही. हा आवाज मला योग्य वाटतो, कारण धमकी देणाऱ्याचा आवाज खोल असतो, तर घाबरलेल्याचा वर चढतो. गिटारवादक आयझॅक हेल खालच्या पट्टीत गुरगुरतो तेव्हा त्या दोघांत जणू पाठलाग चाललेला असतो. ‘स्लॉटरहाउस २’ हे गाणे मला याच कारणासाठी कमी प्रतीचे वाटते. मोशनलेस इन व्हाइटच्या २०२२ च्या अल्बममधील ज्या गाण्यात गॅरिस पाहुणा होता, त्याचा हा पुढचा भाग. या दुसऱ्या भागात मोशनलेस इन व्हाइटचा गायक ख्रिस मोशनलेस येतो आणि त्याच्या नाटकी ढंगामुळे तोवर खरी वाटणारी भीती रंगमंचावरची होऊन जाते.

पॉपी या गायिकेसह केलेल्या ‘सफोकेट’विषयी मात्र समीक्षकांनी जे लिहिले त्याहून अधिक लिहायला हवे होते. २०२५ च्या ग्रॅमीसाठी मेटल विभागात त्याला नामांकन मिळाले (पुरस्कार गोजिरा या फ्रेंच बँडला गेला), आणि २०२४ च्या अखेरीस जिमी किमेलच्या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमात ते सादर झाले तेव्हा टीव्हीसमोर बसलेल्या अनेक प्रेक्षकांनी संतापून तक्रारी केल्या. चर्चा या बातम्यांचीच झाली. गाण्याच्या अखेरच्या ब्रेकडाउनमध्ये, म्हणजे लय मंदावून जड आघात देणाऱ्या भागात, लॅटिन अमेरिकेतील रेगेटोन या नाचाच्या संगीताचा ठेका येतो, त्याची दखल अनेकांनी एक गंमत म्हणून घेतली. रामबागेत राहणाऱ्या एका तबलावादक स्नेह्यांना मी तेवढाच तुकडा ऐकवला. त्यांनी मांडीवर हात धरून लगेच सांगितले की या आठ मात्रा आहेत, पण चार-चार अशा न पडता तीन, तीन, दोन अशा पडतात. केरव्याच्या, म्हणजे चार-चार अशा आठ मात्रांच्या तालाच्या, मात्रा मोजायला बसलेल्या माणसाला आघात अपेक्षित जागी सापडत नाही, तो आधीच येऊन गेलेला असतो. नाचायला लावणाऱ्या या ठेक्याने इथे श्वास कोंडतो, तो त्या निसटत्या आघातामुळे. गाण्याचे नाव तेच सांगते. एवढे बारकाईने ऐकून लिहिलेले परीक्षण माझ्या वाचनात आले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

‘मॉस कव्हर्स ऑल’ आणि ‘टेक मी होम’ या मधल्या जोडीला श्रोते पुष्कळदा भरतीची गाणी समजतात. मला तीच अल्बमचा कणा वाटते, कारण तिथे वेग ओसरतो आणि भीती उरते.

शेवटच्या ‘सिट अँड मॉर्न’वरून आमच्या घरात एकमत नाही. माझा भाचा म्हणतो, “मामा, ‘ब्लाइंडिंग फेथ’वर संपवायला हवं होतं, तेच सगळ्यांत जोरदार आहे.” धार्मिक दांभिकपणावरचे ते गाणे खरोखर जोरदार आहे आणि अल्बममधून सर्वांत आधी तेच प्रसिद्ध झाले होते. पण त्यातला राग दुसऱ्या कोणावर तरी आहे. शेवटच्या गाण्यात रागावण्यासाठी समोर कोणी राहत नाही, फक्त शोक राहतो. नुसता जोर मोजणाऱ्याला तिथे अल्बम ढिला पडल्यासारखा वाटेल. मला मात्र पहिल्या दीड मिनिटात पळत सुटलेला माणूस तिथे पहिल्यांदा खाली बसलेला ऐकू येतो.