ओबरझेल 1:50 : उत्तर भिंत वाकली आणि सरळही झाली

ओबरझेलच्या सेंट गेओर्ग चर्चचं पुठ्ठ्याचं 1:50 मॉडेल करतेय; मागच्या नोंदीत त्याची उत्तर भिंत रंगवायला घेतेय म्हणाले होते. तिच्यावरची येशूच्या चमत्कारांची चारही चित्रं झाली, आणि सकाळी बघते तर भिंत धनुष्यासारखी वाकलेली! मधोमध पाच मिलिमीटर.

जर्मनीतल्या राइशेनाउ बेटावरची तिन्ही चर्चं करायची आहेत, पण सेंट गेओर्ग आधी घेतलं ते या भिंतींसाठीच. मठाधिपती हॅट्टो तिसऱ्याने 896 मध्ये रोमहून संत जॉर्जच्या मस्तकाचा अवशेष आणला, त्याचं हे घर. मधल्या दालनातली चित्रं दहाव्या शतकाच्या अखेरची मानतात. उत्तरेला चार, दक्षिणेला चार.

चूक माझीच. मिअँडरच्या (वळणावळणाच्या नक्षीच्या) पट्ट्यासाठी आधी सगळ्या पुठ्ठ्यावर गेरूचा पातळ वॉश दिला होता. एकाच अंगाला पाणी, मग पुठ्ठा वाकणारच. वजनाखाली दोन दिवस ठेवला. काढला की पुन्हा तसाच. शेवटी पाठीमागून तितकाच ओला ब्रश फिरवला, दोन काचांमध्ये दाबला आणि तीन दिवस हातच लावला नाही. आता पट्टी लावली तर कुठे फट दिसत नाही. वादळाचं चित्रही वाचलं! झोपलेला येशू आणि वाऱ्याला दटावणारा येशू एकाच होडीत, माझी सगळ्यात आवडती जागा.

मिअँडरही सुटला. मूळ पट्टा घडी घातलेल्या फितीसारखा खोल भासतो, म्हणून मी तीन छटा भरत बसले होते आणि सगळा चिखल होत होता. आता गेरूचा वॉश हीच मधली छटा; त्यावर फक्त गडद कडा आणि पांढरी रेघ. हातभर अंतरावरून खोली आपोआप दिसते. यासाठी तीन शून्याचा (000, अगदी बारीक) महागडा ब्रश नकोच, त्याच्या टोकाला रंग टिकत नाही. साधा एक नंबर, टोक चांगलं असलेला, बास.

दक्षिण भिंत उचलून काढता येईल अशी करणार होते. पण मग तिच्यावरचा लाजरस, येशूने मेलेल्यातून उठवलेला, कायम बाजूला पडून राहील. त्यापेक्षा आख्खं दालन मधल्या रेषेवर चिरून पेटीसारखं उघडायचं, म्हणजे आठही चित्रं एकदम समोर. खांबांच्या दोन्ही रांगा शाबूत राहतात, छप्पर तेवढं दोन तुकड्यांत करावं लागेल. हो, असंच करते. दक्षिणेचा पुठ्ठा आताच दोन्ही अंगांनी भिजवून काचेखाली ठेवलाय.