शार्क होऊन पाहिलं

फोंडा (गोवा), आषाढातला रविवार

भाच्याने फोनवर विचारलं, ‘मावशी, मॅनईटर घेण्यासारखा आहे का, की पैसे पाण्यात?’ ‘सेल लागला तर घे’ एवढंच सांगून फोन ठेवला, कारण कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. पण मनातलं सगळं सांगून झालं नव्हतं. बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नाही, लाईटही आज शहाण्यासारखी टिकून आहे, तेव्हा इथे लिहून मोकळी होते.

मॅनईटर हा व्हिडिओ गेम 2020 च्या मे महिन्यात आला. ट्रिपवायर इंटरॅक्टिव्ह या अमेरिकन कंपनीचा. आपण बुल शार्क असतो आणि आपला मुलूख म्हणजे पोर्ट क्लोव्हिस नावाचं काल्पनिक अमेरिकन शहर: दलदल, तळं, गोल्फचं मैदान, श्रीमंतांचे बंगले आणि शेवटी उघडा समुद्र. सुरुवातीलाच स्केली पीट नावाचा शिकारी आपल्या आईला मारतो, तिचं पोट फाडून पिल्लू बाहेर काढतो आणि पुढे ओळख पटावी म्हणून त्याच्या अंगावर सुरीने खूण करतो. पिल्लू त्याचा हात तोडून पाण्यात उडी घेतं. त्यानंतर खा, वाढ, सूड घे. एवढीच गोष्ट. वरून टीव्हीवरच्या माहितीपटाचा आव आणून एक निवेदक कोरड्या आवाजात टोमणे मारत राहतो. तो आवाज क्रिस पार्नेल या अमेरिकन विनोदी नटाचा, आणि अर्धा गेम त्याच्याच जिवावर चालतो असं माझं मत.

पहिले दोन-तीन तास मात्र झकास. पिल्लू असताना दलदलीतल्या गढूळ पाण्यात आपण कोणाच्या खिजगणतीत नसतो. मासा तोंडात धरायचा आणि कंट्रोलरची काडी गदागदा हलवायची, की शार्क मान झटकून त्याचे तुकडे करते. हे करताना माझेही खांदे हलतात, हे आईने दाखवून दिलं. आणि अ‍ॅलिगेटर! ती मगर समोर आली की मी सरळ गुहेकडे धूम ठोकत होते. गुहा ही आपली हक्काची जागा, तिथे कोणी हात लावत नाही. तेव्हा खरंच वाटतं, आपल्याला हातपाय नाहीत. जे आहे ते जबडा आणि शेपटी.

पुढे गाडी घसरते. शार्क मोठी होते, अंगावर हाडांचं चिलखत चढतं, नाहीतर अंगातून वीज खेळायला लागते, आणि ज्या मगरीला भ्यायचो तिला एका घासात संपवतो. मग इतके मासे खा, इतकी माणसं खा, गाड्यांच्या नंबरप्लेट शोध, अशी कामांची जंत्री. शिकाऱ्यांच्या होड्या चहूबाजूंनी आल्या की कॅमेरा फिरवता फिरवता नाकी नऊ येतात. दहा-बारा तासांत गेम संपतो, आणि संपतो ते बरंच. गोल्फच्या मैदानावर उड्या मारत जाऊन गोल्फ खेळणाऱ्यांना गिळायची मजा येत नाही असं म्हटलं तर खोटं होईल. आमच्याकडे ज्या तऱ्हेने डोंगर कापून बंगले उठताहेत, ते बघता त्या मैदानावर जरा जास्तच रेंगाळले.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. गेममध्ये एक बटण दाबलं की सोनार, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून शोध घ्यायची युक्ती, सुरू होतो, लाटा पसरतात आणि आसपासची शिकार दिसायला लागते. आता सोनार ही डॉल्फिनची करामत. शार्क स्वतः आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून काही शोधत नाही. तिच्या थोबाडावर बारीक बारीक छिद्रं असतात, लोरेंझिनीच्या कुप्या म्हणतात त्यांना. कुठलाही जीव हलला, श्वास घेतला, की त्याच्या स्नायूंतून जी जराशी वीज निघते ती या कुप्यांना कळते. वाळूत पुरून बसलेला मासासुद्धा तिच्यापासून लपत नाही. एवढं अजब ज्ञानेंद्रिय हाताशी असताना ते बाजूला ठेवलं, डॉल्फिनचं उसनं आणलं, आणि वर शार्कच्या अंगाला वीज जोडून दिली! प्राण्याचा गेम काढायचा तर प्राण्यावर थोडा विश्वास नको का? काही गोष्टी मात्र त्यांनी नेमक्या पकडल्यात. बुल शार्क गोड्या पाण्यात राहू शकते, अ‍ॅमेझॉन नदीत समुद्रापासून हजारो किलोमीटर आत सापडली आहे, आणि तिची पिल्लं नदीच्या मुखापाशी, खाडीतच वाढतात, कारण मोठे शार्क तिथे फारसे फिरकत नाहीत. म्हणजे पिल्लाने दलदलीतून सुरुवात करणं बरोबर. तेवढाच भाग सगळ्यात चांगला झालाय, हा योगायोग नव्हे.

मांजराचा स्ट्रे हा गेम 2022 मध्ये आला. त्यात म्यांव करायला वेगळं बटण आहे, सोफा ओरबाडता येतो, वाटेल तिथे अंग मुडपून झोपता येतं. लढाई जवळपास नाहीच. अ‍ॅक्शनची हौस त्यात भागणार नाही, पण तास-दीड तासानंतर मी कपाटाची उंची मांजराच्या हिशोबाने बघायला लागले होते. मॅनईटरने हे माझ्यावर फक्त पहिल्या रात्री केलं.

आणि सूड! शार्क कशाला सूड घेईल? तो धंदा माणसांचा. आमच्या जवळच दुर्भाट-बोरीला पौष अमावास्येला मानगे थापणी होते. जुवारी नदीच्या काठावर चिखलाची मगर घडवतात, शिंपल्या-काटक्यांनी सजवतात आणि तिची पूजा करतात. खाजण शेतीचे (खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीचे) बांध राखले जावेत, माणसांना इजा होऊ नये, हा भाव. कुंभारजुव्याच्या कालव्यात खऱ्या मगरी आजही आहेत. लोक त्यांच्या शेजारी राहतात, पाण्यात उतरताना जपतात, बस्स. ‘ती आणि आपण’ असा हिशोब चुकता करायचा विचार कोणी करत नाही.

तरी हे लिहिणारी मी मोरी, म्हणजे बाजारात मिळणारी छोटी शार्क, खाणारी. आमच्या घरात कोणी बाळंत झाली की पहिल्या आठवड्यात मोरी यायचीच, दूध यावं म्हणून. आई उकळतं पाणी ओतून तिची कातडी खरवडायची. शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवून बघ म्हणायची, आणि पॉलिश पेपरवर हात घासल्यासारखं व्हायचं. ते सगळे बारीक दातच असतात म्हणे. बाजारात जिला आपण शार्कचं पिल्लू समजतो, ती चपट्या नाकाची मोरी बहुतेकदा पूर्ण वाढलेली असते. ती जात पाऊण मीटरच्या वर जात नाही आणि अंडी न घालता पिल्लंच देते. म्हणून कधी कधी कापताना पोटात पिल्लं सापडतात. लहानपणी ती बघायला आम्ही भावंडं विळीभोवती गर्दी करायचो. गेमची सुरुवात बघताना मला विळीच आठवली. 1970 पासून मोकळ्या समुद्रातले शार्क आणि वागळ्या (चपटे रे मासे) 71 टक्क्यांनी घटल्या, असं 2021 मध्ये शास्त्रज्ञांनी मांडलं. मासेमारी हे कारण. स्केली पीट एकटाच नाही.

आईला हे वाचून दाखवलं नाही. ती काल सोफ्यावर बसून माझा खेळ बघत होती. पडद्यावर शार्क अख्खी होडी उलथवत असताना म्हणाली, ‘अगो, हिचं आंबट-तीक केलं तर सगळा वाडा जेवेल.’ आंबट-तीक म्हणजे आमच्याकडचं आंबट-तिखट माशांचं कालवण. सध्या पावसाळ्यातली मासेमारीची बंदी चालू, बाजारात ताजं नुस्तं, म्हणजे मासे, नावाला. पुरुमेंताची (पावसाळ्यासाठी साठवलेली) सुकी मोरीही डब्यात तळाला गेलीय. तिचा जीव तिथे अडकलेला.

तेव्हा भाच्या, सेलमध्ये घे, गोल्फच्या मैदानापर्यंत खेळ, पुढचं तुझ्या मर्जीवर. 2021 मध्ये ट्रुथ क्वेस्ट नावाचा जोडभागही आलाय, त्याचे वेगळे पैसे. त्यात शार्कला अणुशक्ती मिळते. तो मी घेतला नाही.