अल्बिनो एंजलची पिल्लं जगवताना: माझा अनुभव

अल्बिनो एंजल माशाची, म्हणजे रंगद्रव्य नसलेल्या एंजलफिशची, पिल्लं पहिल्या आठवड्यात मेली की जो तो एकच सांगतो, "ही जातच नाजूक." हे ऐकलं की माझं अजूनही डोकं फिरतं. यातली बहुतेक पिल्लं समोर खाणं असताना उपाशी मरतात, कारण त्यांना ते दिसत नाही.

मोठ्या माशांचं फारसं काही अवघड नसतं. 60×45×45 सें.मी.ची टाकी, 27-28 अंश तापमान, क्लोरीन काढलेलं पाणी आणि मंद उजेड एवढं असलं की जोडी बसते. उभ्या पानावर किंवा तिरक्या लावलेल्या स्लेटवर अंडी येतात. ती स्लेटसकट वेगळ्या टाकीत न्यायची, पाण्याला फिकट निळी छटा येईल इतपतच मेथिलीन ब्लू (अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून वापरायचं निळं औषध) घालायचं आणि अंड्यांच्या बाजूला हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन सोडायचा. साधारण 60 तासांत अंडी फुटतात. पुढचे चार-पाच दिवस पिल्लं चिकटल्या जागी शेपट्या हलवत पोटातल्या बलकावर जगतात. तेव्हा खाणं टाकलं तर नुसतं पाणी नासतं.

खरी कसोटी पिल्लं पोहायला लागतात तेव्हा. पहिल्या दोन दिवसांत पोट भरलं नाही तर ती खंगतात आणि मग खाणं तोंडाशी आलं तरी उपयोग नसतो. अल्बिनोच्या डोळ्यांत रंगद्रव्य नसल्यामुळे उजेड आत पसरतो आणि नजर अंधूक राहते. त्यामुळे टाकीवरचा एलईडी बंदच ठेवा. एका कोपऱ्यात काचेबाहेर झिरोचा बल्ब लावा आणि रात्रीही तो चालू राहू द्या. पिल्लांचं पहिलं खाणं म्हणजे आर्टेमिया, खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव, नुकतेच अंड्यातून फुटलेले. आर्टेमिया उजेडाकडे धावतात, त्यामुळे त्या कोपऱ्यात त्यांची गर्दी होते आणि अधू नजरेच्या पिल्लाच्याही तोंडासमोर घास येतो. पाण्याची उंची 10-12 सें.मी.च ठेवा. खोल पाण्यात तेवढेच आर्टेमिया विखुरतात.

आर्टेमिया नेमक्या वेळी तयार नसणं, इथेच सगळं अडतं. एक लिटर पाण्यात 25 ग्रॅम जाडं मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा आणि अर्धा चमचा आर्टेमियाची सुकी अंडी घालायची. बाटली उलटी टांगून तळातून जोरात हवा सोडायची. 28 अंशाला 24 तासांत ती फुटतात, पण पुण्याच्या डिसेंबरात हीच बाटली 36 तासांवर जाते आणि इकडे पिल्लं उपाशी फिरत असतात. तो खोळंबा असह्य असतो. म्हणून बाटली कोमट पाण्याच्या बादलीत हीटर लावून ठेवा. पिल्लं पोहायच्या आदल्या दिवशीच पहिली बाटली लावा आणि 12 तासांनी दुसरी.

फुटल्यावर हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. टरफलं वर तरंगतात, नारिंगी ढग तळाशी उतरतो. तेवढाच सायफनने ओढून दाट सुती कापडातून गाळा आणि गोड्या पाण्यात धुवा. टरफलं पिल्लांच्या पोटात अडकतात, त्यामुळे इथे घाई नको. दिवसातून चार वेळा, थोडं थोडं, ड्रॉपरने त्या कोपऱ्यातच सोडा. अर्ध्या तासाने मोबाइलचा टॉर्च बाजूने क्षणभर धरा: पारदर्शक अंगात मोहरीएवढंही नसलेलं नारिंगी पोट चमकलं, तर त्या पिल्लाने खाल्लं. ते दिसलं की जीव भांड्यात पडतो.

गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासांतच मरतात. तळाशी साचलेले रोज काढा, तिसरा हिस्सा पाणी त्याच तापमानाच्या पाण्याने बदला. मेथिलीन ब्लू असलेलं पाणी पिल्लं पोहायच्या आधीच बदलून झालेलं असावं. फिल्टर स्पंजचाच लावा, आणि तोही जुन्या टाकीत मुरलेला. नव्या स्पंजमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू नसतात.

जोडी घेताना डोळे बघा. पांढरा मासा काळ्या डोळ्यांचा असेल तर तो अल्बिनो नव्हे. बाहुली लालसर-गुलाबीच हवी. दोन्ही अल्बिनो असतील तर सगळी पिल्लं अल्बिनो होतात. एक अल्बिनो आणि एक जनुक बाळगणारा साधा मासा असेल तर सरासरी निम्मी. अशा मिश्र विणीत काळ्या डोळ्यांची भावंडं आधी खाऊन टाकतात, तेव्हा ओळखू येताच वेगळी करा.

आर्टेमियाच्या अंड्यांचा डबा उघडल्यावर हवाबंद करून फ्रिजमध्ये ठेवा. कोकणातल्या पावसाळ्यात बाहेर राहिलेला डबा ओल धरतो आणि पुढच्या विणीला निम्मी अंडीही फुटत नाहीत.