स्वतःचा चेहरा न दाखवणारी खिडकी

दर रविवारी सकाळी आमच्याकडे आईचा आणि टोरांटोच्या मावशीचा व्हिडीओ कॉल असतो, आणि मी कित्येक महिने बघतेय की आई मावशीशी बोलताना मावशीकडे बघतच नाही. कोपऱ्यात तो छोटा चौकोन असतो ना, त्यात स्वतःलाच बघते, केस मागे सारते, पदर नीट करते, चष्मा काढू की राहू दे असं चालू असतं. फोन ठेवल्यावर विचारलं की मावशी कशी दिसत होती गं, तर म्हणते बरी होती. बस एवढंच.

हे डोक्यात घोळत होतं आणि परवा रात्री 'होल इन स्पेस' या कलाप्रयोगाचं जुनं रेकॉर्डिंग परत बघितलं. नोव्हेंबर १९८० ची गोष्ट. किट गॅलोवे आणि शेरी राबिनोवित्झ या अमेरिकन कलाकार जोडीने न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरला एक आणि लॉस एंजेलिसच्या सेंच्युरी सिटीतल्या 'द ब्रॉडवे' या मोठ्या दुकानाच्या शोविंडोत एक असे दोन भलेमोठे पडदे लावले, मधला सगळा मामला सॅटेलाईटवर, आणि तीन संध्याकाळी हा प्रकार चालला. हजारो किलोमीटर लांबची माणसं डोक्यापासून पायापर्यंत खऱ्या उंचीची समोर उभी, आणि दोन्हीकडचा आवाजही लाईव्ह! आपल्याकडे तेव्हा रंगीत टीव्ही यायलाच अजून दोन वर्षं होती आणि परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावून वाट बघत बसायचं.

मुद्दाम कुठेच काही लिहिलं नव्हतं. बोर्ड नाही, कलाकारांची नावं नाहीत, स्पॉन्सरचा लोगो नाही. रस्त्याने जाणारा माणूस थबकायचा, समोरच्या गर्दीतलं कोणीतरी हात हलवायचं, मग हा मागे वळून बघणार की मलाच करतायत का, आणि मग पहिला प्रश्न हाच, की तुम्ही आहात कुठे? उत्तर ऐकून लोकांचा विश्वासच बसत नाही. दुसऱ्या संध्याकाळी तोंडोतोंडी बातमी पसरली, आणि टीव्हीवर आल्यावर तिसऱ्या दिवशी तर झुंबड. लोक दुसऱ्या शहरातल्या आपल्या माणसांना फोन करून वेळ ठरवून आले, त्यात वीस-वीस वर्षं एकमेकांना न भेटलेले नातेवाईकसुद्धा होते. ते चेहरे बघताना मला दर वेळी भरून येतं, खरंच.

पण मला सगळ्यात मोठी वाटते ती वेगळीच गोष्ट. आपण तिकडे कसे दिसतोय हे दाखवणारा पडदा त्यांनी ठेवलाच नव्हता, आणि तोही विचार करूनच. म्हणजे आपण दिसतोय की नाही, नीट दिसतोय की नाही, हे समोरच्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखायचं. तो हसला की कळणार, पोचलं. त्यामुळे सगळ्यांची नजर समोर आणि फक्त समोर.

मी आजवर ज्या इंटरॅक्टिव्ह कलाकृती बघितल्या त्यातल्या बऱ्याच ठिकाणी आपण हात हलवला की भिंतीवर रंग उडतात, सावली वाढते, मजा येते, पण तिथे आपली गाठ मशीनशी पडते आणि शेजारी उभा असलेला माणूस शेजारीच राहतो. इथे उलटं आहे, मशीन जवळजवळ दिसतच नाही.

आणि आवाज, तो पण हवाच. मे २०२४ मध्ये डब्लिन आणि न्यूयॉर्कमध्ये असाच एक 'पोर्टल' सुरू झाला, मोठा गोल पडदा, चोवीस तास लाईव्ह, पण आवाज नाही. बहुतेक लोकांनी प्रेमाने हात हलवले हे खरंच, पण काहींनी इतका अश्लील धिंगाणा घातला की आठवड्याभरात तो काही दिवस बंद ठेवायला लागला. मला वाटतं तिथे बोलता आलं असतं तर समोरून कोणीतरी 'अरे काय चाललंय, लहान पोरं आहेत इथे' म्हणालं असतं आणि निम्मे जण तिथेच वरमले असते. नुसतं चित्र दिसलं की समोरचा माणूस टीव्हीतला होऊन जातो.

गॅलोवे-राबिनोवित्झ जोडीने पुढे १९८४ च्या ऑलिंपिकच्या वेळी लॉस एंजेलिसमध्येच, कोरियन, लॅटिनो, कृष्णवर्णीय अशा वेगवेगळ्या वस्त्यांमधली ठिकाणं जोडून 'इलेक्ट्रॉनिक कॅफे' चालवला होता. एकाच शहरातली माणसं, तरी एकमेकांना कधी न बघितलेली. त्यावर सवडीने लिहायचंय.

तर गेल्या रविवारी मी कॉल लागल्या लागल्या आईच्या फोनवर त्या चौकोनावर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावला. आधी चिडली, मी दिसतेय का, नीट दिसतेय का, असं दोन-तीनदा मावशीलाच विचारलं. मावशी म्हणाली, दिसतेयस गं ताई, छान दिसतेयस. मग आई जरा गप्प झाली, फोन जवळ घेतला आणि म्हणाली, अगं, तुझ्या मागे ते तोरण आहे ते आपल्या आईच्या हातचं ना? मावशी म्हणाली, हो, ते तर इथे चार वर्षं लावलेलं आहे.