नको त्या लिंक आणि डाउनलोडमधली फाइल

भांडुपच्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरी झाल्यापासून मी सगळ्या नोंदी टिडलीविकीत ठेवते. ही ब्राउझरमध्ये उघडणारी वही, एकमेकांना लिंकने जोडलेल्या पानांची, म्हणजे विकी. सगळं एकाच एचटीएमएल फाइलमध्ये मावतं, नेट नसलं तरी उघडतं, आणि पुढच्या कमिटीच्या हातात ती एक फाइल दिली की झालं. लिहिते मराठीत, पण व्हॉट्सॲप, फोनपे, डिजिलॉकर हे शब्द सवयीने रोमनमध्ये टाइप होतात. त्या शब्दांच्या मध्ये कॅपिटल अक्षर असतं, आणि असा शब्द दिसला की विकी त्याला पानाचं नाव समजून आपणहून लिंक करते. ही रीत प्रोग्रॅमर वॉर्ड कनिंगहॅम यांच्या १९९५ च्या पहिल्या विकीपासूनची. तेव्हा लिंक द्यायची पद्धतच ती होती. देवनागरीत कॅपिटल नसल्यामुळे मराठी शब्द यातून सुटतात. माझ्या इतिवृत्तात मात्र जागोजागी निळे तिरके शब्द, आणि क्लिक केलं तर पानच नाही.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची होती आणि इतिवृत्ताच्या प्रिंट द्यायच्या होत्या. शब्दाच्या आधी ~ ही नागमोडी रेघ दिली की तेवढी लिंक जाते. चाळीसेक ठिकाणी ती दिल्यावर मी थकले. मग कळलं की टिडलीविकीच्याच कंट्रोल पॅनेलच्या सेटिंग्जमध्ये कॅमलकेस लिंक, म्हणजे मधल्या कॅपिटलमुळे आपोआप होणाऱ्या या लिंक, बंद करायची सोय आहे. टिक काढली, सेव्ह केलं, पान रिफ्रेश केलं. लिंक जशाच्या तशा, आणि टिकही परत आलेली!

दोन संध्याकाळी यातच गेल्या. ऑफिसातून लोकलने घरी यायचं, कुकर लावायचा आणि बसायचं. पुन्हा टिक काढली. दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून पाहिलं. ब्राउझरची साठवण साफ केली, तर इतर सगळीकडची लॉगिन गेली. फाइल बिघडली असेल या भीतीने मला रडू यायचं बाकी होतं, कारण तीन वर्षांचे हिशेब त्यात होते. तिसऱ्या दिवशी डाउनलोडचं फोल्डर उघडलं, तर त्याच नावाच्या, पुढे कंसात १, २, ३ लागलेल्या फायली ओळीने पडलेल्या. ब्राउझर मूळ फाइलवर लिहीत नव्हता. दरवेळी नवी प्रत डाउनलोड करत होता. बदललेली सेटिंग त्या प्रतीत, आणि मी रिफ्रेश करत होते डेस्कटॉपवरची जुनी फाइल. शेवटची प्रत उघडली. सगळे शब्द साधे, काळे. मी मुलीला हाक मारून दाखवलं.

म्हणून ब्राउझरमध्ये ‘प्रत्येक फाइल कुठे ठेवायची ते विचारा’ हे आधी चालू करा आणि मूळ फाइलवरच सेव्ह करा. त्याही आधी एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा, हे मी उशिरा केलं.

आणखी एक, जे मला कोणीतरी सांगायला हवं होतं. लिफ्ट रिपेअर, वॉटर टँक अशी काही पानांची नावं मी मुद्दाम रोमनमध्ये जोडून लिहिली होती. आपोआप लिंक बंद झाल्यावर त्यांच्या हव्या असलेल्या लिंकही गेल्या. पानं शाबूत होती, पण तिथे पोचायची वाट नव्हती. ती नावं दुहेरी चौकटी कंसात, [[ ]] अशी, घालून घेतली, म्हणजे लिंक परत होते. हे आधी करायला हवं, सेटिंग नंतर. नको असलेल्या लिंक कोणत्या हे साइडबारमध्ये ‘मोअर’खालच्या ‘मिसिंग’ टॅबमध्ये एकत्र दिसतं. माझ्यासारखं पानन्‌पान चाळत बसू नका.

प्रिंट वेळेत वाटल्या. जुन्या नागमोडी रेघा वाचताना दिसत नाहीत, एडिट उघडलं की दिसतात. त्या रोज दोन-तीन पानांतून काढते आहे.