ईसीएम पुन्हा जळतो तेव्हा

जुन्या गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिनाला पेट्रोल किती द्यायचे आणि ठिणगी केव्हा पाडायची हे ठरवणारा संगणक, एकदा निकामी झाला तर तो वयोमानाने गेला असे म्हणून विषय संपवता येतो. त्याच्या जागी बसवलेला दुसराही काही आठवड्यांत तसाच गेला, की वयाचे कारण पुढे करता येत नाही. त्याला बाहेरून काहीतरी जाळते आहे, असे धरूनच तपास करावा लागतो. आमच्या 2002 सालच्या चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीच्या बाबतीत नेमके हेच घडले. गॅरेजचा निकाल मात्र दोन्ही वेळा एकच होता: "साहेब, ईसीएम गेला. दुसरा टाकू या."

या वयाच्या गाडीला स्कॅनर लावून उत्तर मिळेल, अशी आशा फारशी धरता येत नाही. भारतात ओबीडीचा, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून स्कॅनरला कोड सांगण्याच्या व्यवस्थेचा, पहिला टप्पा बीएस-4 या प्रदूषण-मानकाच्या गाड्यांना एप्रिल 2010 पासून आणि दुसरा एप्रिल 2013 पासून लागू झाला. त्याआधीच्या अनेक गाड्यांत चेक इंजिनचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजून कोड वाचायचा, एवढीच सोय असते. तो कोड देणाराही ईसीएमच असल्यामुळे, त्याच्या स्वतःच्या दुखण्याविषयी तो बहुधा गप्प असतो.

म्हणूनच पहिली गोष्ट ही, की जळालेला ईसीएम बदलीत दुकानदाराला देऊन टाकू नये, थोडे पैसे कमी मिळाले तरी चालेल. आमचे दोन्ही जुने ईसीएम घरीच असल्यामुळे ते शेजारी शेजारी उघडून पाहता आले. दोन्हींच्या बोर्डावर कडेला ॲल्युमिनियमच्या पट्टीला टेकून ट्रान्झिस्टरांची, म्हणजे प्रवाह चालू-बंद करणाऱ्या भागांची, रांग होती, त्यातला एकच ट्रान्झिस्टर फुटलेला होता, त्याच्याभोवतीचा पारदर्शक लेप तपकिरी पडून फुगलेला होता आणि बाकीचा बोर्ड स्वच्छ होता. दोन वेगवेगळ्या ईसीएममध्ये तोच ट्रान्झिस्टर जातो, याचा अर्थ दोष त्या ट्रान्झिस्टरपासून निघणाऱ्या तारेच्या दुसऱ्या टोकाला शोधायचा. बोर्डात पाणी शिरले असते किंवा बॅटरी चार्ज करणाऱ्या आल्टरनेटरने जादा व्होल्टेज सोडले असते, तर दोन्ही वेळा नेम इतका अचूक लागला नसता.

तरीही अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाची इंजिनाशी व बॉडीशी असलेली जोडणी, आधी तपासले, कारण आम्ही रत्नागिरीला राहतो आणि खारी हवा बॉडीवरच्या प्रत्येक नटाबोल्टला पोखरते. इथे एक सांगण्यासारखे आहे. वायरमन बहुतेक वेळा मल्टिमीटरचा बझर वाजवून तार ठीक असल्याचे सांगतो, परंतु दहा पदरांपैकी एकच पदर शिल्लक असलेली तारसुद्धा बझर वाजवते. खरी परीक्षा भार असताना होते: मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरे इंजिनाच्या ब्लॉकवर धरायचे आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगायचे. आकडा 0.2 व्होल्टच्या आत राहिला तर अर्थिंग चांगले. आमचे चांगले निघाले. चार्जिंगही 14 व्होल्टच्या आसपास स्थिर होते.

त्या ट्रान्झिस्टरची तार इग्निशन कॉईलकडे जात होती. आमच्या गाडीत एकाच कॉईलची ठिणगी चारही सिलिंडरना वाटणारा डिस्ट्रिब्यूटर नाही; दोन कॉईल आहेत, एक पहिल्या व चौथ्या सिलिंडरसाठी आणि दुसरी दुसऱ्या व तिसऱ्यासाठी. ईसीएमचा ट्रान्झिस्टर कॉईलच्या प्राथमिक वेढ्यांतून काही मिलिसेकंद प्रवाह सोडतो आणि मग तो एकदम तोडतो, त्याबरोबर दुय्यम वेढ्यांत हजारो व्होल्ट तयार होऊन प्लगवर ठिणगी पडते. प्राथमिकातले काही वेढे आतल्या आत एकमेकांना चिकटले, तर प्रवाह हळूहळू चढण्याऐवजी सुरुवातीलाच उसळतो आणि त्याची उष्णता ट्रान्झिस्टरला सोसावी लागते. कॉईल ठिणगी देत राहते, त्यामुळे तिच्यावर संशय कोणी घेत नाही आणि चोर सोडून संन्याशाला फाशी होते.

हे पकडणे मात्र सोपे नव्हते. थंड इंजिनावर दोन्ही कॉईलचा प्राथमिक रोध जवळपास सारखा, एक ओहमहून कमी भरला आणि इतका लहान रोध साध्या मीटरवर भरवशाने मोजताही येत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध त्यात मिसळतो. परंतु गाडीत दोन जुळ्या कॉईल असल्यामुळे एक दुसरीची फूटपट्टी होऊ शकत होती. तांब्याचा रोध तापमानाच्या दर अंशाला सुमारे 0.39 टक्क्यांनी वाढतो. म्हणजे कॉईल 60 अंशांनी तापली तर तिचा रोध सुमारे 23 टक्क्यांनी वाढायला हवा. गाडी चांगली तापवून पुन्हा मोजले, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या कॉईलचा रोध वाढला होता आणि पहिल्या-चौथ्याच्या कॉईलचा उलट उतरला होता. तांबे तापून रोध कमी होत नाही. कमी झाला तो वेढे शॉर्ट झाल्यामुळे. कोल्हापूरच्या एका ईसीएम दुरुस्त करणाऱ्या कारागिराने तारेभोवती प्रवाह मोजणारा क्लॅम्प लावून ऑसिलोस्कोपवर, म्हणजे प्रवाहाचा आलेख काढणाऱ्या यंत्रावर, तेच दाखवले: चांगल्या कॉईलची रेषा तिरकी चढत जात होती, बिघडलेल्या कॉईलची आधी भिंतीसारखी उभी राहून मग चढत होती.

इथे थांबून नवी कॉईल टाकली असती, तर तीही कालांतराने गेली असती, असे मला वाटते. कॉईल मुळात का बिघडली, याचे उत्तर प्लगच्या वायरीत होते. या रचनेत दुय्यम प्रवाह पहिल्या प्लगमधून सिलिंडर हेडमध्ये जातो आणि चौथ्या प्लगमधून परत येतो, म्हणून दोघांपैकी एकाही वायरीत खंड पडला की त्रास दोन्ही सिलिंडरना होतो. चौथ्या सिलिंडरच्या वायरीची रबरी टोपी मागे ओढली, तर आतले पितळी टोक हिरवे पडलेले आणि कार्बनचा गाभा टोकापासून तुटलेला होता. मीटरवर काही हजार ओहम दिसायला हवे होते, तिथे अनंत दिसत होते. ठिणगी ती फट उडी मारून पार करत असल्यामुळे गाडी सपाटीवर ठीक चालत असे. आंबा घाट चढताना मात्र सिलिंडरमधला दाब वाढून ठिणगीला आणखी व्होल्टेज लागे आणि गाडी मिसिंग मारत असे. बाहेर वाट न मिळालेले व्होल्टेज मग कॉईलच्या आतलेच इन्सुलेशन फोडत राहिले. घाटातल्या मिसिंगवर पेट्रोलमध्ये कचरा असल्याचे निदान होऊन फिल्टर बदलला गेला होता, हेही नोंदवून ठेवतो.

दुरुस्ती शेवटच्या टोकापासून उलट्या क्रमाने केली. आधी चारही वायरी आणि योग्य फटीचे चारही प्लग, मग कॉईल, आणि ट्रान्झिस्टर बदलून आलेला जुनाच ईसीएम सर्वांत शेवटी, बॅटरीची ऋण केबल सोडवून ठेवल्यावर. त्याआधी कॉईलच्या सॉकेटपासून ईसीएमच्या कनेक्टरपर्यंतची तार बॉडीला कुठे घासून टेकत नाही ना, तेही वायरिंग हलवत हलवत पाहिले. बॅटरी ट्रेच्या खाली तिच्यावरची टेप विरलेली होती, ती नव्याने गुंडाळली. दोन जळक्या ईसीएमपैकी दुसरा अजून कपाटात आहे. त्याचाही तो एक ट्रान्झिस्टर बदलून घ्यायचा आहे, कारण या गाडीचे ईसीएम आता भंगारबाजारातही सहज मिळत नाहीत.