लीलावतीतली गुणोत्तर श्रेढी: वहीतली प्रगती

भास्कराचार्यांच्या लीलावती या गणितग्रंथातल्या श्रेढीव्यवहारातला (श्रेढींच्या प्रकरणातला) गुणोत्तराचा भाग, म्हणजे प्रत्येक पद आधीच्या पदाच्या ठरावीक पट असलेल्या श्रेढींचा भाग, आता सगळा हाताने सोडवून झाला. लीलावतीत हा भाग अगदी आटोपशीर आहे. एक नियम, त्याखाली कवड्यांचे उदाहरण, मग तिपटीचे एक छोटे उदाहरण, आणि लगेच कवितेतल्या वृत्तांची संख्या. मी मात्र त्या एका नियमातच रमलो. शाळेत पाठ केलेले बेरजेचे सूत्र त्यात आहेच, पण त्या सूत्रात बसणारा गुणोत्तराचा अवाढव्य घात कागदावर काढायचा कसा, हेही त्याच नियमात सांगितले आहे. आपण सूत्र शिकतो आणि घातासाठी कॅल्क्युलेटर उचलतो. म्हणून या टप्प्यात कॅल्क्युलेटर फक्त शेवटी पडताळणीला वापरला.

उदाहरण असे: एका दात्याने पहिल्या दिवशी २ कवड्या दिल्या आणि रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट देण्याचा शब्द दिला. महिन्याभरात त्याने किती निष्क दिले? पहिले पद २, गुणोत्तर २, पदे ३०. नाण्यांचे कोष्टक ग्रंथाच्या सुरुवातीलाच आहे: २० कवड्यांची १ काकिणी, ४ काकिणींचा १ पण, १६ पणांचा १ द्रम्म, १६ द्रम्मांचा १ निष्क. म्हणजे एका निष्काच्या २०४८० कवड्या.

नियमाची शेवटची ओळ म्हणजे आपले ओळखीचे सूत्र: ‘व्येकं व्येकगुणोद्धृतमादिगुणं’. गुणोत्तराच्या पदसंख्येएवढ्या घातातून १ वजा करा, एक कमी केलेल्या गुणोत्तराने भागा, पहिल्या पदाने गुणा. हे का चालते ते एकदा वहीत मांडून पाहावेच. पूर्ण श्रेढीला गुणोत्तराने गुणले की प्रत्येक पद एक घर पुढे सरकते. सरकलेल्या श्रेढीतून मूळ श्रेढी वजा केली की मधली सगळी पदे कटतात आणि फक्त दोन टोके उरतात. उजवीकडे राहते पहिले पद गुणिले (घात वजा १), डावीकडे बेरीज गुणिले (गुणोत्तर वजा १). हे दोन ओळींत कळले की सूत्र विसरायची भीतीच संपते.

आता घात. नियम म्हणतो: गच्छ, म्हणजे पदसंख्या, विषम असेल तर १ वजा करा आणि ‘गुण’ लिहा. सम असेल तर निम्मे करा आणि ‘वर्ग’ लिहा. गच्छ संपेपर्यंत हेच करत राहा. मग लिहिलेली यादी शेवटाकडून उलटी वाचत जा: ‘गुण’ आला की गुणोत्तराने गुणा, ‘वर्ग’ आला की वर्ग करा. ३० साठी माझ्या वहीतली ओळ अशी:

३० वर्ग, १५ गुण, १४ वर्ग, ७ गुण, ६ वर्ग, ३ गुण, २ वर्ग, १ गुण, ०.

आता उलटे, १ पासून सुरुवात. गुण: २. वर्ग: ४. गुण: ८. वर्ग: ६४. गुण: १२८. वर्ग: १६३८४. गुण: ३२७६८. वर्ग: १०७३७४१८२४.

तीस वेळा दुप्पट करण्याऐवजी आठ क्रिया! त्यातला शेवटचा वर्गच काय तो मेहनतीचा, पण ३२७६८ चा वर्ग चौकटीच्या वहीत शांतपणे निघतो. पुढे १ वजा, १ ने भाग, २ ने गुण: २१४७४८३६४६ कवड्या. निष्कांत मांडल्यावर १०४८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. ग्रंथातले उत्तरही हेच आहे. ते जुळले तेव्हा फार आनंद झाला.

या उदाहरणावर थोडे थांबण्यासारखे आहे. पंधराव्या दिवसापर्यंतचे एकूण दान काढले तर ६५५३४ कवड्या होतात, म्हणजे जेमतेम ३ निष्क, ३ द्रम्म, ३ पण आणि १४ कवड्या. अर्धा महिना सरला तरी दाता निवांत आहे. उरलेल्या अर्ध्या महिन्यात आकडा लाखावर जातो. आणि तिसाव्या दिवसाचे एकट्याचे दान आधीच्या एकोणतीस दिवसांच्या एकत्र दानापेक्षा बरोबर २ कवड्यांनी जास्त भरते. दुपटीच्या कुठल्याही श्रेढीत शेवटचे पद आधीच्या सगळ्यांच्या बेरजेपेक्षा पहिल्या पदाएवढे मोठे असते. सूत्रातून हे सहज निघते, तरी आकड्यांत पाहिल्याशिवाय ते अंगी भिनत नाही.

तिपटीचे उदाहरण पटकन झाले. पहिले पद २, गुणोत्तर ३, सात दिवस. ७ गुण, ६ वर्ग, ३ गुण, २ वर्ग, १ गुण. उलटे: ३, ९, २७, ७२९, २१८७. उत्तर २१८६. इथे २ ने भागणे आणि २ ने गुणणे एकमेकांना खाऊन टाकतात, त्यामुळे भागाकाराची पायरी नीट दिसत नाही. सरावाला पहिले पद ५ घेतलेले बरे, उत्तर ५४६५ येते.

या टप्प्यातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट ग्रंथातल्या नियमाला जोडून सुचली. घातासाठी जी निम्मे करण्याची युक्ती चालते, तीच थेट बेरजेलाही चालते, आणि मग शेवटचा भागाकार लागतच नाही. पहिले पद १ धरा. सम पदे असतील तर पहिल्या अर्ध्या भागाची बेरीज काढा. दुसरा अर्धा भाग म्हणजे पहिल्याचीच प्रत, प्रत्येक पद त्या अर्ध्या पदसंख्येएवढ्या घाताने गुणलेले. म्हणून एकूण बेरीज म्हणजे अर्धी बेरीज गुणिले (१ अधिक तो घात). विषम पदे असतील तर एक पद कमी असलेल्या बेरजेला गुणोत्तराने गुणून १ मिळवा. कवड्यांसाठी: १, ३, ७, ६३, १२७, १६३८३, ३२७६७, आणि शेवटी ३२७६७ × ३२७६९ = १०७३७४१८२३. दुप्पट केली की तेच उत्तर. तिपटीसाठी १, ४, १३, ३६४, १०९३, आणि दुप्पट २१८६. गुणोत्तर १ असेल तेव्हा नेहमीच्या सूत्रात शून्याने भागायची वेळ येते. या रीतीत ती अडचण उद्भवतच नाही, बेरीज सरळ पदसंख्येएवढी येते.

यातली विषम पदांची पायरी फार जुनी आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या ऱ्हाइंड पपायरस या प्राचीन इजिप्ती गणिती हस्तलिखिताच्या ७९ व्या उदाहरणात ७ घरे, ४९ मांजरे, ३४३ उंदीर अशी सातपटीची पाच पदे आहेत, बेरीज १९६०७. आहमेस नावाच्या लेखनिकाने इसवी सनापूर्वी सुमारे १५५० मध्ये उतरवलेल्या त्या मजकुरात शेजारीच २८०१ × ७ असा गुणाकार मांडलेला आहे. २८०० ही पहिल्या चार पदांची बेरीज. तिच्यात १ मिळवून ७ ने गुणले की पाच पदांची बेरीज. क्रम थोडा वेगळा, पायरी तीच. ग्रीक गणिती युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ ग्रंथाच्या नवव्या पुस्तकातले ३५ वे विधानही आपले बेरजेचे सूत्रच सांगते, प्रमाणाच्या भाषेत. पण तिथे शेवटचे पद हाताशी आहे असे धरलेले असते. ते मिळवायचे कसे हे भास्कराचार्य सांगतात, म्हणून हिशेब करणाऱ्याला त्यांचा नियम जास्त जवळचा वाटतो.

ही निम्मे करण्याची रीत त्यांच्याही आधीची आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्रात, म्हणजे वृत्तांवरच्या प्राचीन ग्रंथात, २ चे घात काढायला ती येते. लीलावतीतही गुणोत्तरानंतर लगेच वृत्तांचे उदाहरण का येते ते इथे उलगडते. अनुष्टुभाच्या एका चरणात ८ अक्षरे, प्रत्येक लघू किंवा गुरू, म्हणून चारही चरण सारखे असलेली समवृत्ते २५६. पहिला-तिसरा सारखा आणि दुसरा-चौथा सारखा अशी अर्धसमवृत्ते: २५६ चा वर्ग ६५५३६, त्यातून समवृत्ते वजा, ६५२८०. विषमवृत्ते: ६५५३६ चा वर्ग वजा ६५५३६, म्हणजे ४२९४९०१७६०. इथे सुरुवातीचा एक ‘गुण’ सोडला तर नुसते वर्गामागून वर्ग आहेत.

एक निरीक्षण जाणकारांसाठी. ही रीत नेहमी सगळ्यात आखूड असतेच असे नाही. २ चा १५ वा घात नियमाने काढला तर २ पासून सहा गुणाकार लागतात: ४, ८, ६४, १२८, १६३८४, ३२७६८. पण आधी घन काढून (४, ८) त्या ८ चा पाचवा घात काढला (६४, ४०९६, ३२७६८) तर पाचात काम होते. तरी मी नियमाच्याच बाजूने आहे. आखूड वाट प्रत्येक संख्येला नव्याने शोधावी लागते, नियमाला मात्र पुढची पायरी कायम ठाऊक असते. आजच्या संगणकातही मोठे घात काढताना हीच वर्ग-गुणाची रीत वापरतात.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, लीलावती ज्याचा भाग आहे तो सिद्धान्तशिरोमणी ११५० चा. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या १२०७ च्या शिलालेखात त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारल्याची नोंद आहे. वही घेऊन बसलो की त्या मठातले विद्यार्थी हमखास मनात येतात. ‘गुण, वर्ग, गुण, वर्ग’ हे कदाचित त्यांनी मोठ्याने घोकले असेल.

पुढचा टप्पा न संपणाऱ्या श्रेढीचा. केरळातले नीलकंठ सोमयाजी (जन्म १४४४) यांनी आर्यभटीयावरच्या भाष्यात एक चतुर्थांश, एक षोडशांश, एक चौसष्टांश अशा बेरजेची चर्चा केली आहे. ती एक तृतीयांशाकडे जाते. पहिल्या पदानंतर एक तृतीयांशाला १/१२ कमी पडतो, दुसऱ्यानंतर १/४८, तिसऱ्यानंतर १/१९२. उणीव दर वेळी चौथाईवर येते, म्हणजे उणिवांचीही गुणोत्तर श्रेढीच होते. वहीत एवढे मांडून ठेवले आहे. आता गुणोत्तर १/३ आणि २/३ घेऊन तोच तक्ता करायला घेतो. ज्यांनी आधी केला असेल त्यांनी २/३ च्या वेळी उणीव किती पदांनंतर शंभराव्या भागाच्या आत आली ते जरूर सांगावे.